आठ आण्यांची कादंबरी

आमच्या घरात सगळं आण्यांत मोजतात. पैशांचे आणे नव्हेत, पिकाच्या आणेवारीचे. सोळा आणे म्हणजे शेत भरून पीक, आणि आठच्या खाली उतरलं की साल वाया गेलं. सरकारदरबारी आता पैसेवारी म्हणतात, पण सासऱ्यांनी आणे काही सोडले नाहीत. पावसाला आणे, लग्नातल्या पंगतीला आणे, नव्या सरपंचालाही आणे. मी लग्न होऊन आले त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या वांग्याच्या भाजीला त्यांनी दहा आणे दिले आणि मी मोरीत जाऊन रडले. सासूबाई मागून आल्या. त्यांना पहिल्या वर्षी सहाच मिळाले होते, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून आमचं जमलं.

मी मलकापूरची. स्टेशनाजवळच्या वाचनालयातून रोज एक पुस्तक आणायचं आणि जेवताना, भांडी घासताना, अगदी केस वाळवतानाही वाचायचं, अशी माझी सवय. लग्नानंतर धामणगाव बढ्याच्या पुढे आमच्या मळ्यात आले तेव्हा ट्रंकेत चार साड्या आणि एकवीस कादंबऱ्या होत्या. त्यांतल्या तीन-चार थोर म्हणाव्यात अशा. बाकी सगळ्या मधल्या. मधल्या म्हणजे वाईट नव्हेत. पहिली शंभर पानं झकास, मग लेखकाला झोप लागलेली, आणि शेवटी कुणाला तरी ताप येऊन सगळं जागेवर. अशी पुस्तकं मला मनापासून आवडतात, यात मला काडीची लाज वाटत नाही. थोर पुस्तकापुढे माणूस चप्पल काढून उभा राहतो. मधल्या पुस्तकाशी भांडता येतं, आणि भांडायला मला नेहमीच आवडत आलं आहे.

भांडायला इथे कोण मिळणार, अशी मला धास्ती होती. ती गवारीने घालवली. आमचा मळा भाजीचा. उन्हाळ्यात दीड एकर गवार असते आणि गवार तोडणं हे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे. शेंग बोटाएवढी, झाडावर शंभर ठिकाणी लपलेली, आणि तिची लव हाताला लागली की दिवसभर खाजतं. आठ-दहा बाया साडीवर नवऱ्यांचे जुने फुलबाह्यांचे शर्ट घालून ओळीने बसतात. हात अडकलेले, तोंड मोकळं. अशा वेळी एक जण पाहिलेल्या पिक्चरची गोष्ट सांगते आणि बाकीच्या ऐकतात, ही इथली जुनी पद्धत. माझ्याकडे पिक्चर कमी आणि कादंबऱ्या भरपूर, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात ते काम माझ्याकडे आलं.

तेव्हा मला कळलं की थोर कादंबरी गवारीत सांगता येत नाही. मी एकदा प्रयत्न केला होता. नायक खिडकीतून पाहतो आणि त्याला वाटतं, असं मी अर्धी ओळ तोडून होईपर्यंत सांगत होते. सासूबाईंनी विचारलं, "पाहून राह्यला ते समजलं. उठते कधी तो?" तो उठत नव्हताच. दुसऱ्या दिवसापासून मी मधल्या कादंबऱ्यांवर आले आणि गवारीतले दिवस भराभर सरायला लागले. नायिकेच्या सावत्र आईला बाया शिव्या घालायच्या. प्रेमपत्र चुकीच्या हातात पडलं की, फोन नव्हता का तिच्यापाशी, असा सवाल यायचा. सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण त्यांच्याइतका तिखट टीकाकार मी अजून पाहिलेला नाही. लेखक कुठे थकला, ते त्यांना तोडलेल्या शेंगांवरून कळतं. गोष्ट रंगली की पाटी हळू भरते, आणि पाटी भराभर भरायला लागली की त्या म्हणतात, "इथं त्याच्यापाशी सांगाले काही नव्हतं."

अशी आमची बारा-तेरा वर्षं मजेत गेली. मग एका दिवाळीला माझी धाकटी नणंद माहेरी आली आणि परत गेलीच नाही.

ती माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मी या घरात आले तेव्हा फ्रॉकात होती. पुढे बुलढाण्याला नर्सिंगच्या कोर्सचं एक वर्ष झालं, परीक्षा चांगली गेली, आणि जालन्याकडचं स्थळ आलं. मुलगा बियाण्यांच्या कंपनीत, गोदामावर. घर स्वतःचं. उरलेलं वर्ष लग्नानंतर करू, असं सगळे म्हणाले. लग्नानंतर त्यातला एकही जण त्याबद्दल बोलला नाही. मीही नाही, हे मला इथे कबूल केलंच पाहिजे.

आल्यावर तिला सगळ्यांनी विचारून पाहिलं. मारतो का? नाही. पितो का? नाही. सासू जाच करते? तसं नाही. मग काय? त्यावर ती उठून चहा ठेवायला जायची. माणसं हळूहळू चिडायला लागली. मारतो म्हणाली असती तर सासरे काठी घेऊन निघाले असते. सुखात आहे म्हणाली असती तर गाडीत बसवून दिलं असतं. पण आठ आण्यांच्या संसाराचं काय करायचं, हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर गवारीला आणि सरपंचालाही आणे लावले, त्या सासऱ्यांनाही नाही.

फाल्गुनात निरोप आला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीच्या रविवारी मुलाकडचे चार जण येतील, बैठक बसेल आणि काय तो निकाल लागेल. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, चार दिवस राहून जातात. आपली लेक मात्र आधीपासूनच येऊन बसलेली गावाला दिसेल, याचाच सासऱ्यांना धसका होता. त्या बैठकीत तिला विचारलं तर ती काय म्हणेल, हे मला चांगलं माहीत होतं. ती म्हणणार, तुम्ही म्हणाल तसं. आणि मग तिला पाठवून देणार. तिला जायचं असेल तर जाऊ दे, माझं काही म्हणणं नव्हतं. पण तिला काय हवं आहे, ते तिच्याच तोंडून एकदा तरी बाहेर पडावं, नाहीतर ही पोर जन्मभर दुसऱ्यांच्याच मताने उठणार-बसणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

कारण मत द्यायचं तिला येतच नव्हतं. दुपारी भाजी बांधायच्या शेडमध्ये आम्ही दोघी मोबाइलवर पिक्चर पाहायचो. संपला की मी विचारायची, कसा होता? चांगला होता. एका पिक्चरमध्ये दोन तास पाऊस पडला, नायक सहा वेळा पळाला आणि शेवटी खलनायक स्वतःच पाय घसरून पडला. कसा होता? चांगला होता. मला इतका राग आला की मी कोथिंबिरीची जुडी आपटली. मी तिला म्हटलं, हे बघ, हा पिक्चर तुझ्या सासूने काढलेला नाही. त्याची एक तरी खोड काढ. तिने आपटलेली जुडी उचलून नीट बांधली आणि म्हणाली, "गाने चांगले होते."

मी हट्टाला पेटले. रोज एक मधला पिक्चर, रोज एक खोड, असा नेमच करून टाकला. चांगले पिक्चर मी मुद्दाम टाळले, कारण चांगल्या पिक्चरने तिला आणखी गप्प केलं असतं. आठव्या दिवशी ती आपण होऊन बोलली. नायकाचा तो हिरवा शर्ट काही बरा नव्हता, म्हणाली. मी साखर वाटायचीच काय ती बाकी होती. पंधराव्या दिवशी म्हणाली की नायिकेची आई उगाच मेली, तिच्या मरण्याने कुणाचंच काही अडलं नाही. हे ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि जुडीला गाठ मारता मारता हसल्या.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. पुढे मी माती खाल्ली.

गवार सुरू झाली होती आणि मी एक नवी कादंबरी सांगायला घेतली होती. नवी म्हणजे मला नवी. मलकापूरला रद्दीवाल्याकडे मिळालेली, मुखपृष्ठ फाटलेलं. एका कारकुनाची बायको, नवरा तिच्याशी बोलत नाही, ती माहेरी निघून येते. मी आधी चाळीसच पानं वाचली होती आणि सांगत सांगत पुढे जात होते. पाचव्या दिवशी घरी शेवट वाचला आणि पुस्तक फडताळात पार मागे सारलं. नवऱ्याला टायफॉइड होतो, बाई धावत जाते, त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवते, संपलं. तीन पानांत उरकलेलं. एरवी मी त्याला सहा आणे देऊन मोकळी झाले असते. पण शेजारच्या ओळीत नणंद बसायची, आणि बैठक नऊ दिवसांवर आली होती.

म्हणून मी शेवट बदलला. थोडाथोडका नाही. माझ्या बाईने नवऱ्याचं पत्र फाडलं, मसाल्याचा कारखाना काढला, चाळीस बाया कामाला ठेवल्या, आणि शेवटी तोच नवरा तिच्या दारात नोकरी मागायला आला. गवारीत हशा पिकला. एका बाईने तर शेंगांची पाटीच उपडी केली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. हे जरा जास्तीच झालं, एवढंच म्हणाल्या. नणंद खाली मान घालून तोडत राहिली. मी मनात म्हटलं, चला, बी तर टाकलं.

त्या बायांतली एक जालन्याकडे पाहुणी गेली आणि ती गोष्ट तिने तिकडे सांगितली. आमच्या शिवारातून काहीही बाहेर जायला वेळ लागत नाही, हे मला कळायला हवं होतं. इकडे फडताळातून ते फाटकं पुस्तक नाहीसं झालं. मला वाटलं, कुणी चूल पेटवायला नेलं.

बैठकीच्या तीन दिवस आधी आम्ही दोघी हौदावर हात धूत होतो. गवारीची खाज जायला हाताला राख चोळतात, तशी ती चोळत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली की तिने पुस्तक वाचलं, शेवटापर्यंत. माझे कान तापले. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी म्हणून मी तोंड उघडलं, पण तिने मला बोलू दिलं नाही. तिने मला बोलू दिलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"पुस्तकातली बाई त्याले ताप आला म्हनून गेली," ती म्हणाली. "तुमची बाई कारखाना निघाला म्हनून नाही गेली. वैनी, मले दोन्ही पटलं नाही. तिले काय पाह्यजे, ते लिहिनाऱ्यालेही माहीत नव्हतं अन् तुमालेही नव्हतं."

मला राग आला, हे खरं सांगते. बारा वर्षांत माझ्या गोष्टीला इतकं वाईट कुणी म्हटलं नव्हतं. हौदापासून घरापर्यंत मी फणफणत गेले. चुलीपाशी पोहोचले तेव्हा लक्षात आलं, पोरीने खोड काढली होती, तीही माझी, आणि मग मला इतका आनंद झाला की भाकरी करपली.

रविवारी ते आले. नवरा, त्याचे आईवडील आणि मामा. नवरा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता, चपला ओळीत लावल्या आहेत की नाहीत ते पाहत असल्यासारखा. पाणी झालं, चहा झाला, पाऊसपाणी झालं. मग मामांनी सरळ माझ्यावरच तोफ डागली. तुमची सून शेतात बसून नवऱ्याला सोडून कारखाना काढायच्या गोष्टी सांगते, जालन्यापर्यंत बोभाटा झाला आहे, पोरीचं डोकं तिथेच फिरलं, असं त्यांचं म्हणणं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांची बोलती बंद करणारी बाई, पण तेव्हा मूग गिळून उभी राहिले. मी तसंच केलं होतं ना. पोरीची एवढी एक संधी, आणि मी माझ्या शहाणपणापायी ती घालवली, असं वाटून माझे डोळे भरून आले.

नणंद स्वयंपाकघराच्या दारात रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"वैनीची गोष्ट मले पटलीच नव्हती," ती म्हणाली. "आठ आन्याची होती. पुस्तकातली तर त्याहून कमी."

सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. बैठकीत पुस्तकाची आणेवारी कुणी कधी ऐकली नव्हती. ती थांबली नाही. शेडमध्ये पिक्चरबद्दल बोलायची, सूर तोच होता.

"तुमी आल्यापासून बाबाले विचारलं, दादाले विचारलं. मले कोनी विचारलं नाही. " तिने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात केला. "यायलेही विचारलं नाही. हे तिकडंही असेच बसते, अन् मी तिकडं अशीच उभी राह्यतो. ते घर वाईट नाही. पन तिथं कोनी कोनाले विचारत नाही."

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. मग सासरे, ज्यांनी सहा महिने तिला मारतो का, पितो का एवढंच विचारलं होतं, ते जरा पुढे सरकून बसले. म्हणाले, "मंग मी विचारतो, बाई. तुले काय पाह्यजे?"

तिचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलं आहे, ते ती पुरं करणार. तोवर नवऱ्याने महिन्यातून एकदा बुलढाण्याला यावं आणि तिच्याशी बोलावं. वर्ष झालं की काय ते ती सांगेल. इतकंच तिने मागितलं. तिची सासू म्हणाली, वर्षाने काय सांगशील? "वाटंल ते," नणंद म्हणाली. मामा उठायच्या बेतात होते, तेवढ्यात कोपऱ्यातून नवरा बोलला. येईन, एवढाच शब्द. त्या दिवसभरात त्याचा आवाज आम्ही तेवढाच ऐकला.

ते गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, मी केलं ते चुकलंच ना? हो, चुकलंच, त्या म्हणाल्या, पण पोरीला भांडायला काहीतरी मिळालं. मग मला पिठाचा डबा पुढे करायला सांगितला.

कोर्सला परत प्रवेश मिळवायला दोन महिने खेटे घातले, त्यात माझा नवरा पार वैतागून गेला. पण झालं. ती आता बुलढाण्याला होस्टेलवर आहे आणि शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. पुस्तकं माझ्याकडून नेते. वाचून झाली की मला मोबाइलवर बोलून पाठवते, आणि ते बोलणं पाच-पाच मिनिटांचं असतं. मी शेडमध्ये भाजी बांधताना ते मोठ्याने लावते आणि सासूबाई ऐकतात. माझ्या आवडीच्या तीन कादंबऱ्यांची तिने अशी सालं काढली आहेत की मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता.

तिचा नवरा दर महिन्याला येतो. पहिल्या वेळी केळी घेऊन आला आणि होस्टेलच्या बाकड्यावर तासभर बसून गेला. दुसऱ्या वेळीही केळीच. तिसऱ्या वेळी गोदामातल्या उंदरांबद्दल काहीतरी बोलला. ती मला हे सगळं जसंच्या तसं सांगते, त्यात भर घालत नाही, आणि मीही आता त्यात काही भर घालत नाही. शेवट काय होईल ते मला माहीत नाही, आणि तो ठरवायचं मी सोडून दिलं आहे.

गेल्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. दोघं पिक्चरला गेले होते. मी सवयीने विचारलं, कसा होता?

"ठीकठाक," ती म्हणाली. "यायले लय आवडला. मले नाही आवडला. मी तसं सांगतलं."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी विचारलं, मग ते काय म्हणाले?

"काऊन नाही आवडला, असं विचारलं त्यायनं," ती म्हणाली. तिकडून बसस्टँडचा गलका ऐकू येत होता. "मंग मी सांगत राह्यली, वैनी. त्यायची जालन्याची गाडी निघून गेली."